गोदावरीबाईंचं मालेगाव

"काकी, आज कुठं फिरून राहिल्या?" रीतानं दारातून आत येता येता विचारलं.

"मालेगावलेच हाव ना मी," गोदावरीबाई म्हणाल्या. "दुसरीकडं कुठं जाऊ?"

"वाशिमचं मालेगाव का नाशिकचं?"

"समुद्राचं," गोदावरीबाईंनी सांगितलं, आणि रीताच्या अडाणीपणाची कीव आल्यासारख्या त्या हसल्या.

रीता ही शेजारच्या बाबुलालची सून. सकाळची कामं आटोपली की काकींची वेणी घालायला यायची. हसू दाबत ती स्वयंपाकघरात गेली. तिथं गोपीचंदराव चहा गाळत उभे होते.

"बरं केलं काकाजी तुमी," ती हळूच म्हणाली. "जन्मभर बिचारीले फिराले भंडाऱ्याच्या पुढं नेलं नाई. आता एकदम समुद्रावर!"

गोपीचंदराव कसनुसं हसले. कुणी थट्टा केली की त्यांना उत्तर सुचायचं, पण ते दुसऱ्या दिवशी.

गावाचं खरं नाव मालागा. स्पेन देशाच्या दक्षिणेला, समुद्रकाठी वसलेलं, वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन असलेलं शहर. गोदावरीबाईंच्या कानाला लागलं ते मालागा, आणि मनात उतरलं ते मालेगाव होऊन. पहिल्यांदा गोपीचंदरावांनी दुरुस्त करून पाहिलं. मग त्यांनीच विचार केला, की उभ्या मोहाडी गावात ज्या शहराचं नाव कुणी कधी घेतलं नाही, त्याचं नाव चुकलं तरी कुणाचं काय बिघडलं?

गोपीचंद सोनकुसरे हे कोष्ट्याच्या घरचे. बाप कोशाच्या रेशमाची लुगडी विणायचा. पोरगा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा खरा, पण मांडीवर पुस्तक असायचं आणि धागा तुटलेला त्याला कळायचा नाही. बापानं एक दिवस हात जोडले आणि त्याला भंडाऱ्याच्या एका वाचनालयात चिकटवून दिलं. तिथं गोपीचंदरावांचा जन्म गेला. रोज बसनं जायचं, रोज बसनं यायचं. गोंदिया तुटून वेगळा जिल्हा झाला त्या साली ते निवृत्त झाले. "एवढा मोठा जिल्हा तुटला, त्यात माझी निवृत्ती कुणाच्या ध्यानात राहणार," असं ते बायकोजवळ म्हणाले होते. आणि खरोखरच ती कुणाच्या ध्यानात राहिली नव्हती.

बोलणं हा त्यांचा प्रांतच नव्हे. घरातलं आणि घराबाहेरचं सगळं बोलणं गोदावरीबाईंकडे. "अजी, बाबुलाल आला, दोन शबूद तरी बोला." "अजी, पोराच्या मास्तराले भेटून या. मीच येते संगं, तुमी नुसते उभे राहाजा." दिवसातून शंभरदा ‘अजी’. नाव मात्र कधी नाही. नवऱ्याचं नाव घेणं त्यांच्या माहेरी करडीलाही नव्हतं आणि सासरी मोहाडीलाही नव्हतं. रेशनच्या दुकानात कुणी मालकाचं नाव विचारलं, तर त्या मुलाला, मनिषला, पुढे करायच्या. पूजेला गोपीचंदन हवं असलं, तर वाण्याकडे जाऊन "ते देवाचं पिवळं गंध द्या" म्हणायच्या. वाण्याला ते ठाऊक होतं. मुद्दाम तो विचारायचा, "कोणतं गंध, वैनी?" आणि त्या पदर ओढून म्हणायच्या, "तुले माईत हाय, मुकाट्यानं पुडी बांध."

आयुष्यात एकदाच त्यांनी ते नाव मोठ्यानं घेतलं होतं. लग्न होऊन आल्या त्या दिवशी नणंदेनं दार अडवलं होतं. हात आडवा लावून ती उभी राहिली, की नाव घेतल्याबिगर आत पाऊल टाकू देणार नाही. तेव्हा खाली मान घालून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, नवी नवरी म्हणाली होती:

"ताना ताणला अंगणात, बाना भरला घरात,
गोपीचंदरावाचं नाव घेते सोनकुसऱ्याच्या दारात."

नणंदेनं हात काढला होता. ती नणंद जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

आजाराची सुरुवात मिठापासून झाली. वरणात दोनदा मीठ पडायला लागलं, नाहीतर अजिबात नाही. मग एका बाजाराच्या दिवशी त्या पिशवी घेऊन चौंडेश्वरीच्या देवळापाशी उभ्या राहिल्या, आणि घर कोणत्या हाताला आहे ते त्यांना आठवेना. नागपूरच्या डॉक्टरनं फोटो काढले, औषधं लिहून दिली, आणि गोपीचंदरावांना बाजूला घेऊन सांगितलं, "ह्या गोळ्यांनी थोडं सावकाश होईल. गेलेलं परत येणार नाही." गोपीचंदरावांनी मान डोलावली. दुसरं काही विचारावं हे त्यांना बस नागपूरचं वर्धमाननगर ओलांडून गेल्यावर सुचलं.

दिवसा बरं असायचं. दिवेलागण झाली की मात्र त्यांच्या अंगात हुरहूर शिरायची. त्या उठायच्या, दाराशी जायच्या, कडी चाचपायच्या, परत यायच्या, पुन्हा जायच्या. हाताशी धरलं तर हात झटकायच्या. दुसऱ्याला धीर देईल असं बोलणं गोपीचंदरावांना येत नव्हतं. वाचणं तेवढं येत होतं. एका संध्याकाळी त्यांनी हाताला लागलं ते पुस्तक काढलं आणि मोठ्यानं वाचायला बसले.

ते पुस्तक मनिषनं आणलेलं होतं. मनिष पुण्याला नोकरीला. त्याच्या कंपनीनं त्याला एकदा त्या शहरात पाठवलं होतं, तिथून त्यानं बापासाठी हे गुळगुळीत पानांचं, रंगीत चित्रांचं इंग्रजी पुस्तक आणलं: शहरात काय काय पाहावं ते सांगणारं. गोपीचंदराव एकेक वाक्य मनात घ्यायचे, त्याचं मराठी करायचे आणि मग बोलायचे. ते मराठी त्यांच्या घरातलं नव्हतं. वाचनालयातलं होतं.

"प्रिय प्रवासी, आपले स्वागत असो. आपल्या समोर जी टेकडी दिसते आहे, तिच्या पायथ्याशी मूर राजांचा जुना राजवाडा आहे. त्याच्या बागांमधून आजही पाण्याचे पाट वाहतात."

गोदावरीबाई दाराशी होत्या. त्या थांबल्या. परत आल्या आणि बाजेवर टेकल्या.

"पाट? धानाले सोडतात तसे?" त्यांनी विचारलं.

"होय. पण हे संगमरवरी आहेत."

"मंग चिखल नाई होत," त्या समाधानानं म्हणाल्या.

त्या दिवसापासून संध्याकाळी वाचन सुरू झालं. दुपारी गोदावरीबाई झोपल्या, की गोपीचंदराव शब्दकोश घेऊन दुसऱ्या दिवशीचं ठिकाण तयार करायचे. आपलं मराठी बरोबर होतं की नाही याची त्यांना कायम शंका. एका शब्दासाठी त्यांनी अख्खी दुपार घालवावी आणि संध्याकाळी तो शब्द ऐन वेळी गाळून टाकावा, असंही व्हायचं. पण ऐकणारी खूश होती. त्या शहरात एक मोठं देवालय आहे. त्याला दोन मनोरे बांधायचे होते, एकच बांधून झाला. म्हणून तिथले लोक त्याला ‘एकहाती बाई’ म्हणतात. गोदावरीबाईंना त्या बाईची फार काळजी लागली. "एका हातानं पोळ्या कशी लाटत असन?" असं त्या रीताला विचारायच्या. तिथं मोगऱ्यासारखी फुलं वाळक्या काटेरी दांड्याला एकेक करून टोचतात, त्याचा झेंडूसारखा गोल गुच्छ होतो आणि बाया तो विकत घेतात. ते वाचल्यावर रीतानं सकाळी वेणीत गजरा माळला तर गोदावरीबाई म्हणाल्या, "इथं असा नाई बांधत. तुले येत नाई." समुद्राच्या रेतीवर जुन्या होड्यांमध्ये निखारे करून काडीला टोचलेल्या मासोळ्या भाजतात, हे ऐकून तर त्या रात्री पोटभर जेवल्या. समोर नुसतं वरण-भात होता.

"समुद्र मंजे केवढा जी?" त्यांनी एकदा विचारलं.

गोपीचंदरावांनी समुद्र पाहिलेला नव्हता. "फार मोठा," ते म्हणाले. "त्याचा पार दिसत नाही."

"तळ्याले पार नाई? बांध नाई? मंग पाणी थांबते कसं?"

यावर पुस्तकात काही नव्हतं.

सगळ्यात वरती, राजवाड्याच्याही वर, टेकडीच्या डोक्यावर एक किल्ला होता. पाईनच्या झाडांमधून वर जायचं. तिथून सगळं शहर, बंदर, जुनं दीपगृह, सगळं उन्हात पसरलेलं दिसतं. ते पान आलं तेव्हा गोदावरीबाई म्हणाल्या, "आमच्याकडं आंबागडचा किल्ला हाय."

गोपीचंदरावांनी पुस्तक खाली केलं. दोघांनी मिळून आयुष्यात पाहिलेलं ठिकाण म्हणाल तर ते एकच होतं. मनिष व्हायच्या आधी, तुमसरच्या नातेवाइकांकडे लग्नाला गेले असताना.

"गेलो होतो ना आमी," गोदावरीबाई सांगू लागल्या. "मी अन् आमचे मालक. मालक आमचे बोलत नाईत. वर चढेपर्यंत एक शबूद नाई. मले वाटलं, रागावले. अन् उतरताना मनतात, ‘पाय दुखून राहिले का?’" त्या खुदकन हसल्या. "एवढंच. पण विचारलं जी त्याईनं."

गोपीचंदरावांना ते आठवत होतं. आपण त्या दिवशी आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, अशी रुखरुख त्यांना कित्येक वर्षं होती. ती बाई एवढ्यावर भागवून बसली आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते बोलणार होते, आणि तेवढ्यात त्यांच्या ध्यानात आलं की गोदावरीबाई हे त्यांना सांगत आहेत. जो माणूस तिथं नव्हता त्याला सांगावं तसं.

"गाईडभाऊ," त्या म्हणाल्या, "वाचा ना पुढं."

पुढचं त्यांनी कसं वाचलं ते त्यांचं त्यांना कळलं नाही.

मागचं आठवून पाहिलं तेव्हा त्यांना उमगलं, की ‘अजी’ केव्हाचंच बंद झालं होतं. सकाळीही नाही, दुपारीही नाही. घरात एक शुद्ध बोलणारा परका माणूस हिंडतो, चहा देतो, गोळ्या देतो आणि संध्याकाळी गाव दाखवतो, असं गोदावरीबाईंनी मनाशी ठरवून टाकलं होतं. गोपीचंदरावांनी त्याच क्षणी ती पुस्तकी भाषा टाकली.

"अवं गोदा, मी हाव ना," ते म्हणाले. "काहून अशी करून राहिली? मले ओळखलं नाई का?"

गोदावरीबाईंनी कौतुकानं मान हलवली. "लय लवकर उचलली हो तुमी आमची बोली. आमच्या मनिषले पुण्यात राहून येत नाई आता."

"गोदा, मी गोपीचंद हाव!"

हे त्यांनी जरा जोरातच म्हटलं. गोदावरीबाईंचा हात झटकन डोक्याकडे गेला. पदर पुढे आला. त्या भिंतीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. काई तं नाव असनच ना गाईडचं."

त्या पदरानं गोपीचंदरावांची झोप उडवली. परका माणूस ओरडला म्हणून पदर घेतला, की ते नाव कानावर पडलं म्हणून घेतला? नाव आत कुठंतरी असेल, तर माणूसही असेल. ते स्वतःशीच वाद घालत राहिले, आणि नेहमीप्रमाणे दोन्ही बाजूंनी त्यांचीच हार झाली.

त्यानंतर आठवडाभरातच गोदावरीबाईंचं मन त्या शहरातून उडालं.

"झालं आता पाहून," त्या संध्याकाळी म्हणाल्या. "लय ऊन हाय इथं. मले घरी नेऊन द्या."

"घर म्हणजे करडीला?" त्यांनी विचारलं. त्यांना वाटलं, म्हातारपणी बाईला माहेर आठवतं.

"करडीले कोण हाय आता? मोहाडीले. आमचे मालक एकटे असतीन. त्याईले भाकर मागता येत नाई. समोर ठेवली तं खातात, नाई ठेवली तं तसेच पुस्तक घेऊन बसतात."

"आपण मोहाडीतच आहो, गोदा. हे बघ, ही आपली बाज. हा मनिषचा फोटो."

"हॉटेलवाल्यानं लावला असन," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या. पुन्हा दार, पुन्हा कडी. पण आधीच्या हुरहुरीला नाव नव्हतं, आता होतं. त्यांना घरी जायचं होतं, आणि त्या घरात बसल्या होत्या.

मनिषचा फोन आला तेव्हा गोपीचंदरावांनी त्याला तुटक तुटक सांगितलं.

"बाबा, मी एक बाई पाहून देऊ का, दिवसभर राहणारी?"

"आणखी एक परकं माणूस," गोपीचंदराव म्हणाले.

"तुम्ही ते पुस्तक वाचणं बंद करा मग."

"बंद केलं होतं रे दोन दिवस. तरी ती तिथंच राहिली. नुसती अंधारात." मग त्यांनी विचारलं, "तू पाह्यला होता का तो किल्ला? ते देवालय? तिथून निघून येतात कसं, तेवढं सांग."

"कुठला किल्ला बाबा? मी मीटिंगचा हॉल आणि हॉटेल, एवढंच पाहिलं. पुस्तक विमानतळावर घेतलं, तुम्हाला आवडेल म्हणून. मी उघडलंसुद्धा नाही."

म्हणजे त्या कुटुंबात ते शहर पाहिलेलं एकच माणूस होतं.

पुस्तकात तिथं जायचं कसं याची दोन पानं होती. परतायचं कसं, हे कुठंच दिलेलं नव्हतं. ते गोपीचंदरावांना स्वतःच रचावं लागलं. जन्मात पहिल्यांदाच ते पुस्तकात नसलेलं काही बोलत होते, आणि प्रत्येक वाक्याला अडखळत होते. एका संध्याकाळी त्यांनी एकहाती बाईचा निरोप घेतला. दुसऱ्या संध्याकाळी विमान. मग नागपूर. गोदावरीबाई गाठोडं बांधून बसल्या होत्या. त्यात दोन लुगडी, आरसा आणि रिकामी गोळ्यांची डबी.

"आता भंडारा रोड स्टेशन आलं," गोपीचंदरावांनी सांगितलं. "उद्या मोहाडी."

"उद्या नक्की ना? मागच्या बारीलेही उद्याच मनलं होतं."

युक्ती रीताची. "काकाजी, घरात बसल्या बसल्या घरी कसं येता येईन?" ती म्हणाली. "त्याईले बाहेर न्या. फिरवून आणा. अन् दारात मी उभी राहाते, नणंद मनून. हात आडवा लावून. नाव घेतल्याबिगर आत सोडतच नाई. बाईमाणूस सगळं विसरन काकाजी, उखाणा नाई विसरत. माही आजी मरताना उखाणे मनत होती."

गोपीचंदरावांना एकदम तो पदर आठवला. दारात उभी राहून तिनं ते नाव घेतलं, तर त्या नावाचा माणूस तिला आत सापडेल. त्यांना ते पटलं. आणि पटलं म्हणून त्यांना भीती वाटली.

डोमाचा ऑटो सांगितला. डोमा गल्लीतलाच. सगळी गोष्ट त्याला ठाऊक होती. "बसा काकी," तो म्हणाला. "विमानानं अंग आंबलं असन."

"विमानापेक्षा तुहा ऑटो बरा. खिडकीले काच नाई," गोदावरीबाई म्हणाल्या.

ऊन उतरायला आलं होतं. डोमानं बस स्टँडवरून वळसा घेतला, चौंडेश्वरीच्या देवळापर्यंत नेलं. गोदावरीबाईंनी देवीला हात जोडले. "हे आमचं," त्या पुटपुटल्या. गोपीचंदरावांनी ऑटोची दांडी घट्ट धरली. परत येताना गल्लीत शिरल्याबरोबर त्या सरसावून बसल्या आणि बोट दाखवू लागल्या. "हे बाबुलालचं घर. हा हापसा. आला जी, आला आमचा दरवाजा!"

दारात रीता उभी होती. नवं लुगडं नेसून, कंबर कसून, चौकटीला हात आडवा लावून. शेजारच्या दोघी-तिघी ओट्यावर उभ्या होत्या. कुणी हसत नव्हतं.

"कुठं चालल्या, वैनी?" रीता म्हणाली. "फुकटचं आत जाता येत नाई सोनकुसऱ्याच्या घरात. नाव घ्या आधी."

गोदावरीबाई ऑटोतून उतरल्या. तो आडवा हात पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, की गोपीचंदरावांना मधली सगळी वर्षं एकदम मागे सरकल्यासारखी वाटली. त्यांनी पदर सावरला, मान खाली घातली. आणि मग तिरक्या नजरेनं त्यांनी गोपीचंदरावांकडे पाहिलं.

"ह्याईले जरा बाजूले जा मना," त्या रीताला हळूच म्हणाल्या. "परक्या माणसासमोर कसं घेऊ नाव?"

रीतानं गोपीचंदरावांकडे पाहिलं. डोमानं मान फिरवली. गोपीचंदराव घराच्या कोपऱ्यापलीकडे गेले. तिथं मागाच्या खोलीची भिंत होती, माग विकल्यापासून ती खोली बंद होती. भिंतीला पाठ टेकवून ते उभे राहिले. लग्नाच्या दिवशीही ते असेच गर्दीच्या मागे, याच भिंतीशी, लाजून उभे होते.

"घ्या वैनी, गेले ते," रीताचा आवाज आला.

"ताना ताणला अंगणात," गोदावरीबाई म्हणाल्या. तोच आवाज. जरा फाटलेला, पण तोच सूर. "बाना भरला घरात..."

आणि त्या थांबल्या.

वाचनालयात कुणी पुस्तकाचं नाव विसरून काउंटरवर घुटमळलं, की गोपीचंदराव खालच्या मानेनं ते नाव पुरवायचे. आताही नाव त्यांच्या ओठांशी आलं. पण स्वतःचं नाव असं पुढे करणं त्यांना कधी जमलेलं नव्हतं, आणि पुरवलेल्या नावाचा उपयोग तरी काय होता?

"...चं नाव घेते, सोनकुसऱ्याच्या दारात," गोदावरीबाईंनी उखाणा पुरा केला.

मधली जागा रिकामी होती. लपवलेल्या नावामागे हसू असतं, लाज असते, बाई अडते ती मुद्दाम अडते. इथं तसलं काही नव्हतं. मागावरचा धोटा जणू धाग्याशिवायच इकडून तिकडे गेला होता. नाव आत कुठंच उरलं नव्हतं, हे गोपीचंदरावांना कळलं.

"वैनी, नाव?" रीता चाचरत म्हणाली.

"घेतलं ना!"

"नाई घेतलं काकी. नाव राहिलं. ...घ्या ना, काकी."

"घेतलं मनते ना मी! एवढ्या मोठ्यानं घेतलं, तुले ऐकू नाई आलं?" गोदावरीबाईंचा आवाज चढला. रीता आता रडायच्या बेतात होती. तिचा हात चौकटीवर तसाच राहून गेला, काढावा की नाही तिला सुचेना. गोदावरीबाईंनी तो हात पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, मग आत, अंधाऱ्या खोलीत पाहिलं.

"हे आमचं घर नोहे," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी एकदा नाव घेतलं का आत घेतात."

"हाय काकी, हेच हाय! या, या आत," रीतानं हात ओढून घेतला. पण उशीर झाला होता. गोदावरीबाईंनी पाठ फिरवली होती, आणि त्या गल्लीकडे तोंड करून हाका मारत होत्या.

"गाईडभाऊ! ओ गाईडभाऊ! चला जी परत. इथं मले कोणी ओळखत नाई."

गोपीचंदराव भिंतीआडून बाहेर आले. शेजारणींनी वाट दिली. डोमानं ऑटो चालू केला होता, त्याला त्यांनी हातानंच नको म्हटलं. त्यांनी धोतराचा सोगा ठीक केला आणि बायकोसमोर जरा अंतर ठेवून, अदबीनं उभे राहिले.

"या बाई," ते शुद्ध भाषेत म्हणाले. "आपली उतरण्याची व्यवस्था याच ठिकाणी केली आहे. उद्या सकाळी किल्ला पाहावयाचा आहे."

"मालेगावचाच ना?"

"होय. मालेगावचाच."

गोदावरीबाईंचा चेहरा हळूहळू निवला. त्यांनी गोपीचंदरावांचा पुढे केलेला हात धरला, उंबरठ्याशी पाऊल जपून उचललं आणि त्या आपल्या घरात शिरल्या. रीता दाराला पाठ लावून उभी होती, तिच्या डोळ्यांना धार लागली होती. गोदावरीबाईंनी जाता जाता तिच्या गालाला हात लावला. "कायले रडते, बाई? तुही चूक नाई. घरं सारखीच दिसतात."

आत दिवा लागला. त्या बाजेवर बसल्या. गाठोडं त्यांनी उशाशी ठेवलं, सोडलं नाही. गोपीचंदरावांनी चष्मा पुसला आणि पुस्तक उघडलं. पान तेच होतं, त्यातलं ऊनही तेच.

"गाईडभाऊ," गोदावरीबाई म्हणाल्या, "आमच्या मालकाईले तेवढं कळवा जी. मनावं, उशीर होईन. वाट पाहून राहिले असतीन."

"कळवलं आहे, बाई," गोपीचंदराव म्हणाले, आणि वाचू लागले.